एमएच-१९ पासिंग आणि युरोपची वेगवान सेडान : आयातीच्या भिंतीचा इतिहास

१/
ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडा कंपनीने ‘ऑक्टाव्हिया आरएस’ ही वेगवान सेडान भारतात विक्रीस आणली. दोन लिटरचे टर्बो इंजिन, २६५ अश्वशक्ती, शोरूम किंमत ४९ लाख ९९ हजार रुपये. संपूर्ण देशासाठी गाड्या होत्या फक्त १००. नोंदणी उघडताच त्या संपल्या. युरोपात जी गाडी एखादा सुस्थित नोकरदार कुटुंबासाठी घेतो, ती भारतात दंतकथा का होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पाऊणशे वर्षांहून अधिक मागे जावे लागते.

२/
खानदेशातून पाहिले तर हा प्रश्न अधिकच विलक्षण वाटतो. याच कंपनीचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे आहे. जळगावहून अजिंठ्याचा घाट चढून गेले की सुमारे दीडशे किलोमीटरवर. तरीही ही गाडी तेथे तयार झाली नाही. ती पूर्ण बांधलेल्या स्थितीत युरोपातून जहाजाने आली. धुळ्याच्या एमएच-१८ किंवा जळगावच्या एमएच-१९ पाटीची अशी सेडान क्वचित दिसते, त्यामागे सीमाशुल्काचा, परकीय चलनाचा आणि परवान्यांचा दीर्घ इतिहास आहे. हा धागा त्या इतिहासाविषयी.

३/
प्रारंभी भिंत नव्हतीच. १८९८ मध्ये मुंबईत मोटारी आल्या. पहिल्या मालकांत जमशेटजी टाटा होते. देशात कारखाना नसल्याने प्रत्येक मोटार आयातच असे. तिच्यावर कर होता, पण ती आणण्यासाठी सरकारी परवानगी मागावी लागत नव्हती. बंदरातून उतरलेली मोटार उत्तरेकडे न्यायची तर वाट होती मुंबई-आग्रा रस्त्याची: नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा आणि पुढे इंदूर.

४/
या रस्त्याच्या टोकाचे इंदूर खानदेशाला परके नव्हते. १८१८ च्या मंदसौरच्या तहापर्यंत खानदेशातील मोठा मुलूख होळकरांकडे होता. त्याच घराण्यातील यशवंतराव होळकर (दुसरे) १९२६ मध्ये गादीवर आले. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून त्यांनी ‘माणिकबाग’ हा आधुनिक राजवाडा बांधून घेतला. मोटारींचा त्यांचा शौक जगप्रसिद्ध होता. त्यांच्या ड्यूसेनबर्ग गाडीचा सांगाडा व इंजिन अमेरिकेचे, तर अंगबांधणी लंडनच्या गर्नी नटिंग या कारागीर कंपनीची. अशा गाडीसाठी त्या काळी अट एकच होती: खिसा.

५/
सामान्य धनिकाला मात्र दुसरी वाट मिळाली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. फोर्ड कंपनीही मुंबईत गाड्या जुळवू लागली. मोटारीचे भाग खोक्यांतून यायचे आणि येथे जोडले जायचे. पूर्ण मोटार आणणे आणि मोटारीचे भाग आणणे हा भेद तेव्हापासून रुजला. पुढची जवळजवळ शंभर वर्षे भारतीय मोटारशौकिनाचे भवितव्य याच भेदावर ठरत आले आहे. हा भेद लक्षात ठेवावा. तो या धाग्यात पुन्हा येईल.

६/
परक्यांनी येथे केवळ जुळणी करावी, हे काही भारतीय उद्योजकांना मान्य नव्हते. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद त्यांतले अग्रणी. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार झाला आणि १९४७ मध्ये मुंबईत कुर्ला येथे गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवात जुळणीनेच झाली, पण उद्दिष्ट होते एकेक भाग देशात घडवण्याचे. यासाठी सरकारचे संरक्षण हवे होते आणि स्वातंत्र्यानंतर ते मिळाले.

७/
१९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने परवान्याचे राज्य पक्के झाले. १९४९ मध्ये पूर्ण बांधलेल्या मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३ मध्ये जकात आयोगाने शिफारस केली की देशात मोटार घडवण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच काम करू द्यावे. केवळ जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५४ पर्यंत गाशा गुंडाळला. होळकरांच्या काळी जो प्रश्न पैशाचा होता, तो आता परवानगीचा झाला.

८/
या निर्णयाकडे आजच्या चष्म्यातून पाहणे सोपे आहे. त्या काळचे गणित मात्र कठोर होते. परदेशातून काहीही आणायचे तर पौंड किंवा डॉलर लागत आणि ते निर्यातीतून मिळत. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत यंत्रांची आयात वाढली आणि १९५७ च्या सुमारास परकीय चलनाचे संकट उभे राहिले. धान्य, खनिज तेल, पोलाद कारखान्यांची यंत्रे आणि एखाद्या हौशी माणसाची जॅग्वार, या सर्वांना एकाच गंगाजळीतून चलन लागणार होते. रांगेत जॅग्वारचा क्रमांक शेवटचा लागला.

९/
हेच गणित जळगावच्या सराफ बाजाराने अधिक जवळून पाहिले. सोनेही परकीय चलन खाते, म्हणून जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण नियम लागू झाले. चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास बंदी आली. १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा झाला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. शुद्ध सोन्यासाठी नावाजलेल्या जळगावसारख्या गावात या नियमाचा अर्थ काय होता, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

१०/
सोने आणि मोटार या दोन नियमांची तुलना उद्बोधक आहे. दोहोंचा हेतू एकच होता: चलन वाचवणे. परिणाम मात्र सारखे नव्हते. मोटारीच्या बंदीने हौशी माणसाचे स्वप्न लांबले. सोन्याच्या निर्बंधाने देशभरातील सोनारांच्या भट्ट्या थंड पडल्या. शिवाय दोन्ही वस्तूंची ओढ कायद्याने संपली नाही, ती चोरवाटांनी वाहू लागली. भिंतीचा इतिहास लिहिताना तिने काय अडवले याइतकेच, तिचा भार कोणी वाहिला हेही विचारावे लागते.

११/
भिंतीच्या आत काय होते? हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसिडर, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची फियाट. प्रीमियरने इटलीच्या फियाटशी करार करून ११०० मालिकेची गाडी घडवली; १९७० च्या दशकात तिचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले, पण लोक तिला फियाटच म्हणत राहिले. इंजिन १०८९ सीसीचे, शक्ती सुमारे चाळीस अश्व. ही देखील युरोपीय सेडानच होती. युरोपात तिच्यानंतर पिढ्या बदलल्या, येथे मात्र तीच गाडी या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत निघत राहिली. नवी गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे.

१२/
तरीही त्या दशकांत मुंबईच्या रस्त्यांवर मर्सिडीज दिसत. त्या कोठून आल्या? भिंतीला काही अधिकृत दरवाजे होते. पहिला दरवाजा दूतावासांचा. परदेशी राजनैतिक अधिकारी सीमाशुल्क न भरता मोटार आणू शकत. मायदेशी परतताना ती सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे जाई आणि तेथून विकली जाई. वापरलेली, कधी रंग उडालेली मर्सिडीज मिळवण्यासाठी सिनेनट आणि उद्योगपती चढाओढ करत, ती याचमुळे.

१३/
दुसरा दरवाजा परदेशात राहून कायमचे परतणाऱ्यांचा. वास्तव्य हलवणाऱ्या भारतीयाला ठरावीक अटींवर, परवानगी घेऊन, तेथे वापरलेली एक मोटार आणता येई. शुल्क भरावे लागेच. खानदेशातील एखाद्या गावात जुनी युरोपीय गाडी आढळली तर तिच्या कागदांत डॉक्टर, अभियंता किंवा जहाजावरील नोकरदाराचे नाव सापडण्याची शक्यता म्हणूनच मोठी असते. गाडीची पारख जितकी महत्त्वाची, तितकेच पासपोर्टवरचे शिक्केही.

१४/
भिंत कायद्याची होती, याचा सर्वांत बोलका पुरावा गोवा. १९६१ पर्यंत तेथे पोर्तुगीज सत्ता होती आणि भारताचे आयात निर्बंध तेथे लागू नव्हते. लोहखनिजाच्या व्यापाराने पैसा आला आणि युरोपीय मोटारी सहज उतरल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा मर्सिडीज गाड्या तेथे टॅक्सी म्हणूनही धावत होत्या. सावंतवाडीच्या अलीकडे जी गाडी दुर्लभ होती, ती पलीकडे भाड्याने मिळत होती.

१५/
याच काळात उलटा प्रवाहही वाहिला. संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखे रद्द झाले आणि राजघराण्यांच्या मोटारगृहांतील अमोल गाड्या परदेशी संग्राहकांनी विकत घेतल्या. पुढे सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध आणले, पण तोवर बरेच गेले होते. नवी गाडी आत येत नव्हती आणि जुनी बाहेर जात होती. भारतीय मोटारशौकिनाच्या इतिहासातील हा सर्वांत उदास कालखंड.

१६/
भिंतीला पहिला मोठा तडा गेला तो सोन्यामुळेच. १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने गहाण ठेवून बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडून कर्ज घेतले. जे चलन वाचवण्यासाठी चार दशके मोटारी अडवल्या आणि सोनारांचे हात बांधले, ते शेवटी सोने देऊनच मिळवावे लागले. त्यानंतर उदारीकरण आले.

१७/
१९९३ मध्ये मोटार उत्पादनावरील परवाना पद्धत संपली. १९९५ मध्ये पुण्यात टेल्कोच्या सहकार्याने मर्सिडीजची ‘ई’ श्रेणी जुळू लागली. २००१ मध्ये शेंद्र्याहून स्कोडा ऑक्टाव्हिया बाहेर पडली. तिची वेगवान ‘आरएस’ आवृत्ती २००४ मध्ये भारतात आली, १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती. त्या काळच्या तरुण वाहनप्रेमींच्या लेखी ती घटना होती. पद्मिनीच्या चाळीस अश्वांवर वाढलेल्या रस्त्यांवर जवळपास चौपट शक्तीची कौटुंबिक सेडान, आणि तीही मराठवाड्यात जुळलेली.

१८/
दरम्यान जिनिव्हात वेगळीच लढाई झाली होती. भारताच्या आयात निर्बंधांविरुद्ध अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि १९९९ मध्ये भारत हरला. उरलेले संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पासून उठले; मोटारीही त्यांत होत्या. म्हणजे सुमारे अर्ध्या शतकानंतर सामान्य नागरिकाला परदेशातून मोटार आणण्याचा मार्ग खुला झाला. बंदी गेली, पण तिच्या जागी अटी आणि शुल्क उभे राहिले.

१९/
या अटी मुळातून वाचण्याजोग्या आहेत. नवी मोटार उजव्या स्टिअरिंगची हवी, वेगमापक किलोमीटरमध्ये हवा, दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीस अनुकूल हवा आणि गाडी जेथे बनली त्याच देशातून यावी. वापरलेली मोटार तीन वर्षांहून जुनी नको आणि ती मुंबई बंदरातूनच यावी. युरोपातील अनेक दुर्मीळ सेडान डाव्या स्टिअरिंगच्याच बनतात. त्या यादीतून तेथेच गळतात. उजव्या स्टिअरिंगच्या आवृत्त्या मुख्यतः ब्रिटनसाठी बनत असल्याने, ब्रिटिश खरेदीदाराची आवड भारतीय हौशी माणसाची निवड ठरवते.

२०/
आता शुल्काचे गणित. ४० हजार डॉलरांहून महाग नव्या मोटारीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर मूळ शुल्क ७० टक्के आणि कृषी पायाभूत अधिभार ४० टक्के, असे ११० टक्के लागतात. विमा व जहाजभाड्यासह बंदरात ४० लाखांना पडलेली गाडी घेऊ. शुल्क ४४ लाख. बेरीज ८४ लाख. तिच्यावर ४० टक्के जीएसटी, म्हणजे ३३ लाख ६० हजार. एकूण १ कोटी १७ लाख ६० हजार. आरटीओचा कर आणि विम्याचा हप्ता अजून बाकीच आहे. एका गाडीच्या किमतीत मालक जवळजवळ तीन गाड्यांचे पैसे मोजतो.

२१/
हे शुल्क कोणाला माफ व्हावे, यावर देशभर वाद झाला तो सचिन तेंडुलकर यांच्या फेरारीवरून. डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी त्यांनी बरोबरी केली, म्हणून फियाटने २००२ मध्ये त्यांना फेरारी ३६० मोडेना भेट दिली. सरकारने सुमारे १ कोटी १३ लाखांचे शुल्क माफ केले. टीका झाली, दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि अखेर ही रक्कम फियाटने भरली. लोकांचा रोष फेरारीवर नव्हता. नियम सर्वांना सारखा असावा, एवढीच अपेक्षा होती.

२२/
बंदीने दाबलेली ओढ किती होती, हे ऑक्टोबर २०१० मध्ये शेजारच्या जिल्ह्यात दिसले. तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक व व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी सुमारे १५० मर्सिडीज घेतल्या. व्यवहार ६५ कोटींच्या घरातला. मुंबई-पुण्याबाहेर युरोपीय सेडानला गिऱ्हाईक नाही, हा समज त्या दिवशी मोडला. ही खरेदी शक्य झाली त्याचे एक कारण असे की, यांसारख्या गाड्या पुण्याजवळ जुळू लागल्या होत्या. शिवडीच्या खोक्यांचा धडा ऐंशी वर्षांनंतरही तोच होता.

२३/
पण जुळणीसाठी खप लागतो. वर्षाला शंभर-दोनशेच विकल्या जातील अशा वेगवान सेडानसाठी कोणी यंत्रणा उभारत नाही, आणि पूर्ण गाडी आणायची तर येथे चाचण्या घेऊन मान्यता मिळवण्याचा खर्च परवडत नाही. ही कोंडी २०१८ मध्ये फुटली. युरोपीय वा जपानी निकषांत बसणाऱ्या गाड्या वर्षाला २,५०० पर्यंत, येथील वेगळ्या चाचणीविना आणण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. याच नियमाखाली २०२० मध्ये २०० ऑक्टाव्हिया आरएस आल्या, आणि २०२५ मध्ये त्या शंभर. दुर्मीळतेचे कोडे येथे सुटते.

२४/
पूर्ण गाडी आणि सुटे भाग यांच्यातील जुना भेद मात्र अजून मिटलेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क खात्याने याच स्कोडा-फोक्सवॅगन समूहाला सुमारे १४० कोटी डॉलरची नोटीस बजावली. मुद्दा असा: वेगवेगळ्या खेपांतून आलेले भाग हे सुटे भाग मानायचे, की न जुळवलेली संपूर्ण मोटार? पहिल्यावर शुल्क कमी, दुसऱ्यावर जास्त. कंपनीने ही मागणी मुंबई उच्च न्यायालयात आव्हानित केली.

२५/
चोरवाटाही बंद झालेल्या नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क खात्याने ‘ऑपरेशन नुमखोर’ ही मोहीम राबवली. भूतानमार्गे आणून बनावट कागदांवर भारतात नोंदवलेल्या आलिशान गाड्यांचा शोध हा तिचा विषय होता. नुमखोर म्हणजे भूतानच्या भाषेत वाहन. भिंत जितकी उंच, तितका बनावट कागदाला भाव अधिक. सोन्याच्या बाबतीत हा अनुभव साठ वर्षांपूर्वीच आला होता. अशा गाडीचा अखेरचा, अनभिज्ञ ग्राहक सर्वांत जास्त बुडतो.

२६/
भिंत आता खाली येत आहे, पण मोजूनमापून. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात ठरावीक संख्येपर्यंतच्या मोटारींवरील शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणण्याची तरतूद आहे. २०२५ मध्येच जुन्या मोटारींच्या आयातीचा नियमही सैल झाला. पूर्वी १९५० पूर्वीच्याच गाड्यांना मुभा होती. आता पन्नास वर्षे पूर्ण केलेली गाडी चालते. म्हणजे १९७० च्या दशकातील युरोपीय सेडान, ज्या काळी येथे आणणे जवळपास अशक्य होते, त्या आता वारसा म्हणून येऊ शकतील.

२७/
सारांश असा. वेगवान युरोपीय सेडान भारतात आणू इच्छिणाऱ्याची पात्रता प्रत्येक युगाने वेगळी ठरवली. प्रथम संस्थानिकाचा खजिना, मग परवाना, मग दूतावास किंवा परदेशवारी, मग तिप्पट किंमत, आणि आता कंपनीच्या वाट्याला आलेली संख्या. गरीब देशाने चलन जपले हे समर्थनीय होते. त्या जपणुकीतून कुर्ला, पिंपरी आणि पुढे शेंद्रा येथील कारागिरी उभी राहिली, हेही खरे. पण दरवाजे ओळखीच्या माणसांसाठी उघडत राहिले, हेही तितकेच खरे. दोन्ही वाक्ये एकत्र लिहिली तरच हा इतिहास पूर्ण होतो.

२८/
या इतिहासाची बरीच साधने आजही घराघरांत पडून आहेत: आयात परवाने, सीमाशुल्काच्या पावत्या, जुनी आरसी पुस्तके, पद्मिनीच्या नोंदणीच्या पावत्या, वाड्यासमोर उभ्या मोटारीची छायाचित्रे. धुळे, जळगाव, नंदुरबारमधील जुन्या कपाटांत असे कागद सापडले तर रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची नक्कल करून ठेवावी आणि मागे गाव, साल व मालकाचे नाते लिहावे. गाडी भंगारात गेली तरी चालेल. ती खानदेशात कशी पोहोचली, हे सांगणारा कागद मात्र पुन्हा छापता येत नाही.

(धागा समाप्त)